ठमाबाईचा गुडघा आणि गुरुवारची जागा

गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल असं कळलं त्या दिवशी ठमाबाईनं डॉक्टरला एकच गोष्ट विचारली. दुखेल किती, हे विचारलं नाही. जगेन का, हेही नाही.

"खाली कधी बसता यील?"

डॉक्टर तरणा होता. एक्स-रेवरची नजर न काढता म्हणाला, "खाली आता बसायचंच नाही, आजी. मांडी नाही, उकिडवं नाही. इथून पुढं खुर्ची."

"आन् बाजारात?"

"बाजारातसुद्धा खुर्ची."

ठमाबाई गप्प झाली. ती गप्प झाली की घरातली माणसं घाबरतात, हे डॉक्टरला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, आजीला पटलं.

कन्हेरीत ठमाबाईची दीड एकर बागायत. मेथी, कोथिंबीर, गवार, भेंडी, बांधाला दोडक्याचा वेल. लग्न झाल्यापासून घरात एक वाटणी ठरलेली: पिकवायचं सावळारामनं, विकायचं तिनं. सावळाराम तिचा नवरा. उंच, वाळका, दिवसभर रानात. तो भेंडीशी बोलायचा. माणसाशी बोलायची पाळी आली की टोपी सारखी करत बसायचा. तो कधी बाजारात बसला नाही आणि ठमाबाईनं कधी खुरपं सोडून दुसरं अवजार हातात धरलं नाही. अडतीस वर्षं या वाटणीवर दोघांचं बरं चाललं होतं.

दर गुरुवारी ती बारामतीच्या बाजारात बसायची. जागा सासूची. सासू थकली तेव्हा एका गुरुवारी तिनं सुनेला शेजारी बसवलं, दुसऱ्या गुरुवारी स्वतः आली नाही, झालं. कुठं सही नाही, अंगठा नाही. डांबरी रस्त्याच्या कडेला, एका कायम बंद दुकानाच्या ओट्यापुढं, दोन पाट्या, एक पोतं आणि एक बाई मावेल एवढीच ती जागा. डावीकडं भागूबाई, इंदापूरकडची, लिंबं आणि मिरच्या घेऊन येणारी. रानाला सातबारा असतो. बाजारातल्या बाईच्या जागेला बूड असतं. बूड टेकलेलं आहे तोवर जागा तुमची. एक गुरुवार चुकला तर शेजारीण आपली पाटी ठेवून जागा धरते, घरातलं कुणी येऊन बसलं तरी चालतं. लागोपाठ दोन गुरुवार रिकामी दिसली की तिसऱ्या गुरुवारी तिथं दुसरीचं पोतं पसरलेलं असतं, आणि मग तहसीलदाराला भेटा नाहीतर देवाला.

आणि त्या अख्ख्या रांगेत खुर्चीवर बसणारा प्राणी एकच होता. ठेकेदाराचा, बाजारकराची पावती फाडणारा ज्ञानेश. बाया खाली, ज्ञानेश वर. म्हणून खुर्चीचं नाव निघालं की ठमाबाईच्या कपाळाला आठी. दोन वर्षं तिनं ऑपरेशन टाळलं ते या खुर्चीपायी. शेवटी एका गुरुवारी बाजार उठला आणि ती उठेना. चौघींनी तिला कांद्याच्या पोत्यासारखी उचलून टेम्पोत घातली. घरी येऊन म्हणाली, "कापा काय कापायचं ते. पण सहा आठवडं जागा कोन धरणार ते आधी सांगा."

सावळाराम म्हणाला, "मी हाय की."

घरातल्या कुणाला हसू आवरलं नाही. सावळारामलाही नाही.

मुलगा सूरज बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. त्यानं आईसाठी घरात खुर्चीचा संडास बांधून घेतला, त्याला नवं दार लावलं, दाराला पांढरा ऑइल पेंट दिला. अर्धा डबा रंग उरला तो सावळारामनं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेऊन ठेवला. सूरजची बायको आसावरी. वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, एका शाळेत लहान पोरांना शिकवणारी. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, असं तिचं बालपण. सासू दवाखान्यातून घरी यायच्या आतच तिनं भिंतीला कागद चिकटवला: व्यायाम, गोळ्या, बर्फ, चालणं, पुढं वेळा.

"आई, गुडघा वाकवा. अजून थोडा. नव्वद अंश व्हायला पाहिजे."

"अंश तापाचा असतोय. गुडघ्याचा कुठला गं?"

"आता गुडघ्याचाही असतो. दहा वेळा. एक."

"एक झालं मगाशी."

"ते तुम्ही मोजलं होतं. मी मोजते ते एक."

सासूनं तिच्याकडं रोखून बघितलं. भल्याभल्या गिऱ्हाइकांना या नजरेनं घाम फोडला होता. आसावरी म्हणाली, "दोन."

बर्फाची पिशवी फुटली म्हणून आसावरीनं दुकानातून गोठवलेल्या मटारचं पाकीट आणलं आणि फडक्यात गुंडाळून सासूच्या गुडघ्यावर ठेवलं. सावळाराम रानातून आला, त्यानं पाकिटावरचं चित्र बघितलं आणि दारातच थांबला. या घरात आजवर भाजी विकत आलेली नव्हती.

"हे कुनी आनलं?"

"मी, आबा. शेकायला."

"इकत?"

"हो."

"खानार कोन मग?"

"खायचं नाहीये, आबा. गुडघ्यासाठी आहे."

सावळारामनं टोपी सारखी केली. मग म्हणाला, "गवार चालली नसती व्हय? घरची हाय." ठमाबाईला हसताना टाके ओढले. ती कळवळून म्हणाली, "ह्यांना आधी भाईर काढा. हसून हसून मला परत कापायला लागंल."

बघायला येणाऱ्यांची रीघ. बिस्किटाचे पुडे इतके जमले की सूरज म्हणाला, आपण दुकानच टाकू. जो येई त्याला टाके बघायचे असत. ठमाबाई पहिल्यांदा लाजली, मग तिचा हात बसला. लुगडं वर सारायची, गुडघा दाखवायची आणि सांगायची, "पोरांच्या पेपराला मारत्यात तसल्या पिना हायती. मोजून तीस. वाटी लोखंडाची हाय. माझ्या मागं भंगारवाल्याला बोलवा, चार पैसं येत्याल." लोणी भापकरला दिलेली लेक छकुली आठ दिवस राहून गेली, तिची सासू येऊन गेली. भावकी आली. जिच्याशी बोलणं नव्हतं ती चुलत जाऊसुद्धा आली आणि पाच मिनिटं गुडघ्याकडं बघून गेली.

पण ठमाबाईचं सगळं ध्यान गुरुवारावर.

पहिल्या गुरुवारी ती दवाखान्यातच होती. सावळाराम दोन पाट्या घेऊन गेला आणि दीड पाटी परत घेऊन आला. संध्याकाळी खाटेपाशी येऊन टोपी सारखी करत उभा राहिला.

"लोकं घेत न्हाईत."

"का घेत न्हाईत? माल चांगला न्हाय?"

"माल येक नंबर."

खोदून विचारल्यावर कळलं. एका बाईनं मेथीचा भाव विचारला. सावळारामनं तिला बी कुठलं, पेरलं कधी, पाणी किती पाळ्या दिलं, फवारणी का केली नाही, हे सगळं सांगितलं. तो भावावर यायच्या आत बाई पुढं निघून गेली होती. असं प्रत्येक गिऱ्हाइकाचं.

"अवो, तिनं भाव इचारला. तुमी मेथीची पत्रिका वाचून दावली."

"इचारलं तर सांगाया नगं?"

आसावरीनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात भाव लिहून दिले. दुसऱ्या गुरुवारी तो पुठ्ठा पाटीला टेकवून सावळाराम मुक्यानं बसला आणि माल बऱ्यापैकी गेला. पण घरी आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"भागूबाईची लिंबं आपल्या मेथीला टेकली."

भागूबाई काही वाईट बाई नव्हती. बाजारात शेजारची जागा ढिली दिसली की कुणाचीही पाटी आपोआप वीतभर सरकते. ठमाबाई असती तर तिनं पायानं पाटी मागं लोटली असती, भागूबाईनं एक शिवी दिली असती, आणि दोघींनी मिळून चहा घेतला असता. अडतीस वर्षं हद्द अशीच राखली जात होती.

"मग सांगायचं की, सरक म्हणून."

"परक्या बाईला कसं सांगू, सरक म्हणून?"

"मला सांगताय की इतकी वरसं."

"तू सरकती व्हय?"

तिसऱ्या गुरुवारी मात्र गडी खुशीत आला. गुणगुणत हातपाय धुतले. ठमाबाईनं खाटेवरून बघितलं, लेंग्याच्या बुडाला पांढरा डाग.

"हे काय लागलंय?"

"लागलं असंल कुठंतरी." मग न राहवून म्हणाला, "बंदोबस्त केला जागंचा. तू आता गुडघ्याकडं बघ."

"कसला बंदोबस्त?"

"केला," एवढं बोलून तो वैरण टाकायला गेला.

चौथ्या गुरुवारी तो दुपारी एक वाजताच घरी आला. माल तसाच. म्हणाला, ऊन फार, गिऱ्हाईक नाही. पाचव्या गुरुवारीही तेच. ठमाबाईनं दोन्ही वेळा काही विचारलं नाही. पण तिच्या मनात दुसराच हिशेब जुळत होता. सारं गाव बघून गेलं, पण बाजारातली एक बाई आली नव्हती. भागूबाईचा नवरा बैलाखाली सापडला तेव्हा ठमाबाई एसटीनं दोनदा इंदापूरला जाऊन आली होती. आणि भागूबाईचा साधा फोन नाही. ही गोष्ट गुडघ्यापेक्षा जास्त दुखत होती, आणि हिच्यावर गोळी नव्हती.

पुढच्या मंगळवारी भागूबाई आली. पिशवीत लिंबं, चेहऱ्यावर बारा वाजलेले. आसावरीनं खुर्ची पुढं केली, तिनं ती बघितलीसुद्धा नाही. खाटेपाशी खालीच बसली. ठमाबाई वर, ती खाली. जन्मात पहिल्यांदा दोघी अशा बसल्या, आणि दोघींनाही ते टोचलं.

"पाय कसा हाय?"

"हाय जाग्यावर. तुला आज सापडली व्हय वाट?"

"येनारच नव्हते. म्हनलं, कुनीतरी सांगाया पायजे. तुझं तुला म्हाईत हाय का न्हाय, देव जाने."

"काय?"

"तुझ्या मालकानं रेघ मारली."

मग तिनं सगळं सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी भल्या सकाळी सावळाराम दोरी, ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन बाजारात आला. दोरी धरून डांबरावर चौकोन आखला. चार फूट बाय साडेतीन. रंग वाळायच्या आतच घाईनं त्यात बसला. बाया येऊन बघतात तो ठमाबाईची जागा कबड्डीच्या मैदानासारखी आखलेली. भागूबाईची पाटी रेघेच्या आत चार बोटं होती. सावळारामनं काही न बोलता रेघेकडं बोट केलं.

"माझ्या तोंडाकडं बी बघितलं न्हाय गं. रेघंकडं बोट. मी काय चोर हाय?"

पुढचं त्याच्या हातात राहिलं नाही. पुढच्या गुरुवारी पलीकडच्या बाईनं कोळशानं आपली रेघ ओढली. तिच्या पलीकडचीनं विटा लावल्या. समोरच्या रांगेत बानूबाई आणि तिची सख्खी नणंद रेघेवरून झिंज्या धरेपर्यंत गेल्या. ज्यांचं वीसवीस वर्षं पटलं होतं त्यांना आता कळलं की आपल्याला सहा इंच कमी आहे. आणि पाचव्या गुरुवारी ज्ञानेश टेप घेऊन आला. आजवर पावती पाटीमागं होती. कुणाची पाटी लहान, कुणाची मोठी, एखादी पोत्याखाली दडवलेली. सगळं चालून जायचं. ज्ञानेश म्हणाला, बरं झालं, तुमचं तुम्हीच मोजून ठेवलं. आता फुटामागं.

"तुझी जागा कुनी घेत न्हाय आता," भागूबाई म्हणाली. "रेघंच्या हातभर लांबून जात्यात बाया. गिऱ्हाइकाला बी सांगत्यात, तिकडं नगा जाऊ. तुझा मालक मधी बसतोय, गावाभाईरच्या म्हसोबावानी."

ठमाबाईनं सावळारामला रानातून बोलावून घेतलं. तो आला, भागूबाईला बघून उंबऱ्यातच थांबला.

"रेघ मारली?"

"मारली. बांध घातला की भांडान मिटतं." त्याच्या दृष्टीनं ही साधी गोष्ट होती. चुलतभावाशी बांधाचा वाद होता. सरकारी मोजणी आणली, दगड रोवले. "त्याला बारा वरसं झाली. येक शब्द वाद न्हाय."

"येक शब्द बोलनं बी न्हाय, बारा वरसं," ठमाबाई म्हणाली.

सावळारामनं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. रानातलं शहाणपण तो बाजारात घेऊन गेला होता. रानात दगड बोलतो आणि माणूस गप्प राहिला तरी भागतं. बाजारात उलटं आहे. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्या बाईला हे कळत होतं ती गुडघ्यावर मटार ठेवून घरी पडली होती.

भागूबाई चहा न घेता निघाली. दारातून म्हणाली, "येत्या गुरुवारी ये म्हनत न्हाय मी. पन आली न्हाईस तर मग येऊन उपेग न्हाय."

ती गेल्यावर ठमाबाईनं जाहीर केलं, गुरुवारी मी जाणार. आसावरी म्हणाली, डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी वॉकर घेऊन बाहेर पडायला सांगितलंय, गुरुवारी सहा आठवडे होतात, हरकत नाही. पण खुर्ची घ्यावी लागेल. ठमाबाई म्हणाली, खुर्ची घेणार नाही. रेघेनं आधीच आपण वेगळ्या पडलो, त्यात खुर्ची घेऊन त्यांच्या डोक्यावर बसू? मग ज्ञानेशमध्ये आणि माझ्यात फरक काय?

बुधवारी दुपारी घरात कुणी नाही बघून तिनं पोतं जमिनीवर टाकलं. एका हातात वॉकर, एका हातात खाटेची कड, आणि हळूहळू खाली जायला लागली. निम्म्यात गुडघा थांबला. लोखंड ते. पुढं वाकेना, मागंही येईना. ती खाटेच्या कडेला वटवाघळासारखी लोंबत राहिली. हाक ऐकून सावळाराम धावत आला आणि बघून त्याला काही सुचेना. त्यानं काखेत हात घातले.

"वर का खाली?"

"वर, वर. खाली पुरायला मी काय बी हाय व्हय?"

त्यानं तिला वर ओढून खाटेवर बसवलं. दोघंही धापा टाकत बसले. थोड्या वेळानं ठमाबाई हसायला लागली, आणि मग तो. आसावरी शाळेतून आली तेव्हा दोघं तसेच बसलेले. काय झालं ते तिनं पोत्यावरून ओळखलं. गुडघा तपासला, सूज बघितली, डॉक्टरला फोन लावला, विचारायचं ते विचारलं. मग पोतं घडी करून खाटेखाली सारलं.

"उद्या वॉकर येणार, खुर्ची येणार आणि मी येणार."

"तुझी साळा?"

"रजा टाकली."

"मी न्हाय म्हनले तर?"

"आमच्याकडं भोंगा झाला की चर्चा नसते, आई."

ठमाबाई भिंतीवरच्या कागदाकडं बघत राहिली. गुडघ्यानं आज साफ नकार दिला होता, आणि गुडघ्याशी घासाघीस होत नाही. म्हणाली, "ती लाल खुर्ची नगं. लग्नाच्या मांडवातली दिसती." मग नवऱ्याकडं वळून, "आन् कांद्याची मोठी ताडपत्री टेम्पोत टाका."

गुरुवारी सूरजनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि टेम्पो आणला. बाजार नुकताच भरत होता. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या, काळ्या रेघा, विटा, एके ठिकाणी तर खडूनं नाव लिहिलेलं. ठमाबाई वॉकरवर एक एक पाऊल टाकत आपल्या चौकोनापाशी आली. बायांनी मान वर केली आणि खाली घातली. आसावरीनं खुर्ची मांडली. ठमाबाई बसली. पहिल्यांदाच तिला त्या सगळ्यांच्या भांगातलं कुंकू दिसलं, वरून. तिला बरं वाटलं नाही.

तेवढ्यात पेरूची पाटी डोक्यावर घेतलेला एक नवखा म्हातारा तिच्यापुढं थांबला. पाटी उतरवली, खिशातून वीसची नोट काढली आणि तिच्यापुढं धरली.

"फाडा पावती, बाई."

ठमाबाईचा चेहरा उतरला. खुर्चीबद्दल जी भीती होती ती पहिल्या पाच मिनिटांतच समोर उभी राहिली होती, हातात नोट घेऊन.

"पावती न्हाय, बाबा," ती म्हणाली. "मेथी मिळंल."

आधी भागूबाई फिस्सकन हसली. मग तिच्या पलीकडची. म्हातारा गोंधळून एकदा खुर्चीकडं, एकदा मेथीकडं बघत राहिला, आणि मग दोन जुड्या घेऊनच गेला. ती झाली भवानी. ठमाबाईनं नोट कपाळाला लावली आणि त्या हसण्याची ऊब जायच्या आत नवऱ्याला हाक मारली.

"हिकडं या. सांगा ह्यास्नी, रेघ कुनी मारली."

सावळारामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अख्खी रांग त्याच्याकडं बघत होती. इतक्या बायांपुढं तो जन्मात बोलला नव्हता.

"मी मारली," तो म्हणाला. जरा थांबून, "हिला म्हाईत नव्हतं. चुकलं माझं."

"मारली तर पुसा की," कोळशाची रेघ ओढणारी म्हणाली.

"ऑइल पेंट हाय. निघत न्हाय."

"मग काय करायचं?"

"भागे, लिंबं उचल," ठमाबाई म्हणाली.

"का?"

"उचल म्हनते तर."

भागूबाईनं तोंड वाकडं करत पाट्या उचलल्या. सावळाराम आणि सूरजनं ताडपत्री पसरली. तीस फुटी, कांदा झाकायची. ठमाबाईच्या चौकोनावरून, भागूबाईच्या जागेवरून, कोळशाच्या रेघेवरून, विटांच्या पलीकडच्या बाईपर्यंत. विटावालीनं क्षणभर विचार केला, मग स्वतःच विटा बाजूला केल्या. तिलाही फुटामागची पावती जड जातच होती. पाच बायांच्या पाट्या त्या एका ताडपत्रीवर मांडल्या गेल्या. समोरच्या रांगेतून बानूबाई हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. तिच्या आणि नणंदेच्या मधली रेघ तशीच राहिली.

नऊच्या सुमाराला ज्ञानेश टेप घेऊन आला.

"काय मावशी, बरा हाय का गुडघा? आन् रेघ कुठं गेली?"

"हाय खाली."

"ताडपत्री उचला जरा. मोजतो."

"मला वाकायचं न्हाय. डॉक्टरनं सांगितलंय. तू उचल."

ज्ञानेशनं तीस फुटांवरच्या मेथी, लिंबं, मिरच्या, वांगी आणि पाच बायांकडं बघितलं. कुणी जागची हलली नाही. टेप त्यानं एकदा बाहेर ओढला आणि सोडून दिला.

"मग खुर्चीची पावती फाडू का?"

"तुझ्या खुर्चीची फाडतोस का?"

तो पाट्या मोजून, पाटीमागं पावत्या फाडून पुढं गेला. समोरच्या रांगेत मात्र त्यानं टेप लावला, आणि तिथं पुढं बरेच दिवस टेपच लागत राहिला.

दहाला आसावरी सावलीत पेपर तपासत बसली. सावळारामला ठमाबाईनं रानात पाठवून दिलं. माल जात होता, पण पूर्वीसारखा नाही. खुर्चीवरून मेथीची जुडी उचलता येत नव्हती. गिऱ्हाइकाला वाकावं लागत होतं, आणि दोघीतिघी तशाच पुढं निघून गेल्या. कुणी म्हणालं, आता मालकीणबाई झाल्या. ठमाबाईनं ऐकलं आणि गिळलं. गुडघा ठणकत होता. भागूबाई अजून नीट बोललेली नव्हती. नऊपासून ती फक्त लिंबांशी आणि गिऱ्हाइकांशी बोलत होती.

साडेअकराला ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, हाडं वाजवत. पदर झटकला आणि ठमाबाईकडं न बघताच म्हणाली, "च्याला जाऊन येते. बघ जरा पाटीकडं."

आणि गेली. बाजारात पाटी ज्या बाईवर सोडून चहाला जायचं, ती बाई आपली असते. त्याचाही कागद नसतो.

लगेच एक गिऱ्हाईक आलं, शर्टात पेन लावलेला माणूस. "लिंबं कशी?"

ठमाबाईनं भाव सांगितला. लिंबांपर्यंत तिचा हात पोचत नव्हता. "तुमी घ्या निवडून, दादा. डझनभर मोजा."

तो वाकून मोजायला लागला. अकरा, बारा. तेरावं त्यानं बाराव्याच्या आड हळूच पिशवीत सोडलं. खाली बसलेल्या बाईला ते दिसलं नसतं.

"एक ठिवा खाली," ठमाबाई म्हणाली.

त्यानं वर बघितलं आणि ठेवलं.

भागूबाई पदरानं तोंड पुसत आली. एका हातात तिनं दुसरा कप आणला होता. तो तिनं उभ्या उभ्याच ठमाबाईच्या हातात दिला.

"कोन आलं हुतं का?"

"एक डझन गेली."

भागूबाईनं ढिगाकडं नजर टाकली, बसली, आणि पाटी वीतभर पुढं सरकवली. ठमाबाईनं चहाचा घोट घेतला आणि वॉकरच्या पायानं ती पाटी मागं लोटली.